वर्लिनच्या प्रेसचा तिसरा बोल्ट

दुकानातली काडतुसं म्हणजे बाजारचं लोणचं, असं वर्लिन हाउगनचं ठाम मत होतं. मोंटानातल्या त्या एवढ्याशा गावात एकवीस वर्षं तो गराजमध्ये वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या नव्याने भरत होता. नेमबाजीच्या क्लबच्या पायरीवर उभं राहून त्याने सगळ्यांना ऐकवलं होतं, "विकतची काडतुसं घेऊन मी रेंजवर दिसलो, तर मार्लिसचा झालरीचा एप्रन घालून चर्चच्या जेवणाची सफरचंदं सोलीन!"

त्याच्या मेव्हण्याने, म्हणजे बायको मार्लिसच्या भावाने, आर्लोने, हे वाक्य नीट लक्षात ठेवलं होतं.

शनिवारी क्लबची वार्षिक स्पर्धा होती. सोमवारी वर्लिनने काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा खाली ओढला आणि तो हातात डुगडुगला!

"प्ले आलाय, सांधा ढिला झालाय," वर्लिन खुशीत म्हणाला. दुरुस्ती म्हटली की त्याला दिवाळीच! "दहा मिनिटांचं काम."

"वहीत बघ ना आधी," मार्लिस दारातून म्हणाली.

वर्लिनची भराईची वही गावात प्रसिद्ध होती. किती दारू, कुठली गोळी, कुठल्या दिवशी काय बदललं, सगळं तारीखवार.

"वहीत काय बघायचं? माझीच तर आहे! लिहिणारा मी, मला पाठ आहे."

"बरं," मार्लिस म्हणाली आणि आपल्या सफरचंदांकडे गेली.

त्याने दांड्याचा नट आवळला. दांडा डुगडुगला. मग बीन्सच्या डब्याचा पत्रा कापून वॉशर बनवले, एकाखाली एक तीन घातले. तरी डुगडुगला! बुधवारी त्याने चिडून सांध्यातली पिन काढली आणि जरा जाड पिन हातोडीने ठोकून बसवली. आता दांडा अजिबात डुगडुगेना. कारण तो हलतच नव्हता! वर्लिन दोन्ही हातांनी त्याला लोंबकळला, पाय जमिनीवरून सुटले, पण दांडा ढिम्म.

शेवटी त्याने कंपनीला फोन लावला. फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, "थोडा प्ले असतोच हो. प्रेस बेंचला घट्ट बसवलंय ना? तिन्ही बोल्ट बघितलेत?"

"बाई!" वर्लिन गरजला. "एकवीस वर्षं मी हेच करतोय! बोल्ट काय विचारता मला?"

फोन आदळून त्याने बेंचला बसवलेली बैठक तशीच ठेवून प्रेसचं बाकी सगळं सोडवलं. गुरुवारी त्याचे एकोणीस तुकडे जुन्या टॉवेलवर मांडले होते. शुक्रवारी ते अठराच भरले! हरवलेला एकोणिसावा विसरून त्याने सगळं परत उभं केलं, तर दांडा वर जाऊन तिथेच अडकला. एकही काडतूस भरलेलं नव्हतं आणि स्पर्धा उद्या सकाळी.

आर्लोकडून त्याने भरलेल्या काडतुसांचे चार डबे मागता आले असते. पण दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हा तिथला नियम शेंबडं पोरही पाळतं. शेवटी टोपी नाकापर्यंत ओढून तो साठ मैलांवरच्या दुकानात गेला, पन्नास काडतुसं घेतली आणि गाडीतच ती आपल्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यात उतरवली.

शनिवारी काय नेम लागला म्हणता! पन्नासपैकी एकोणपन्नास! एकवीस वर्षांत असं झालं नव्हतं. आर्लोचे पंचेचाळीस. लोकांनी वर्लिनला घेरलं.

"भराई सांग, भराई!"

"अनुभव लागतो," वर्लिन म्हणाला. खरं तर तोंड मिटून बक्षिसाची ढाल घेऊन घरी जायला हवं होतं. पण गडी रंगात आला होता. "वहीत आहे सगळं! बघा खुशाल!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आर्लोने वर्लिनच्या झोळीत कायम असलेली वही ओढली, शेवटचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचू लागला.

"बारा सप्टेंबर. माझ्या सफरचंद सोलायच्या यंत्राचा बोल्ट तुटला म्हणून प्रेसचा पुढचा बोल्ट घेतलाय. डब्यामागचा, दिसत नाही तो. दांडा डुगडुगेल, घाबरू नकोस. हवा तेव्हा माग. मार्लिस." आर्लो थांबला. "वर्लिन, ह्याच्यापुढे एक अक्षर नाही. मग आजची काडतुसं तू भरलीस कधी?"

एका म्हाताऱ्याने खाली पडलेली रिकामी पुंगळी उचलली. नवी कोरी, चकचकीत. प्रेसची एक रेघ नाही तिच्यावर.

वर्लिनचे कान लाल झाले. "विकतची आहेत," तो पुटपुटला.

मग असं हसू फुटलं की कोणाला ढाल द्यायचीही आठवण राहिली नाही!

"मला सांगायचंस तरी!" घरी आल्यावर वर्लिन बायकोवर फुरंगटला.

"लिहिलं होतं," मार्लिस म्हणाली. "वाच म्हणालेही होते." तिने त्याच्या पाठीमागे एप्रनची गाठ मारली, झालर नीट केली आणि सफरचंदांच्या चार पेट्या पुढ्यात सरकवल्या.

दारात आर्लो कॅमेरा घेऊन उभा होता. वर्लिनने पहिलं सफरचंद यंत्राला टोचलं, मान खाली घातली आणि दांडा फिरवला.

जराही प्ले नव्हता.