फ्रोमांतच्या शिंगाची मूठ

उद्या दुपारी चीजचं ताट टेबलावर येईपर्यंत काझिमीरबाबांचा चाकू आपल्या कपाटात आलेला असेल, असं आन्सेल्म मास्तरांनी शनिवारी संध्याकाळी बायकोला सांगून टाकलं. त्यांच्या स्वरात इतकी निवांत खात्री होती, की चाकू जणू घरापाशी येऊन ठेपला होता आणि आता फाटकाची कडी काढायचाच काय तो अवकाश होता.

नोएमी कोबी चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "जेवायला बोलावलंयस ना त्यांना? मग जेवू दे आधी."

मास्तरांनी हे ऐकलं, पण मोहिमेवर निघालेला सेनापती पावसापाण्याची चौकशी ज्या कानाने ऐकतो त्या कानाने.

फ्रान्समधल्या ओब्राकच्या पठारावर वारा झाडांनासुद्धा वाकून राहायला शिकवतो. तिथे घडीचा चाकू नसलेला खिसा म्हणजे खिडकी नसलेलं घर. मास्तरांकडे एकशे तेरा चाकू होते, आणि त्यांतला एकही खिशात नव्हता. शाळेतून निवृत्त झाल्यापासूनची अकरा वर्षं त्यांनी हा संसार काचेच्या कपाटात मांडला होता. पात्यांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. पातं म्हणजे नुसतं पोलाद, ते म्हणत, चाकूचा स्वभाव मुठीत असतो. तळहाताच्या उबेने मिरीसारखी दरवळणारी ज्युनिपरच्या लाकडाची मूठ, जुन्या लोण्याच्या रंगाची बॉक्स नावाच्या झुडपाच्या लाकडाची मूठ, ढगाळ आभाळ गोठून बसावं तशी मेंढ्याच्या शिंगाची. प्रत्येकीखाली त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी असे, आणि प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी 'हाताळू नये' ही सूचना.

काझिमीरबाबांच्या चाकूला मात्र या कपाटात जोड नव्हती. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची गुरं राखली. त्यांतली फ्रोमांत नावाची गाय चौदा उन्हाळे कळपाच्या पुढे चालत डोंगरावर गेली. ती मेल्यावर तिच्या शिंगाचं भरीव टोक बाबांनी लोहाराला नेऊन दिलं आणि त्याची मूठ करून घेतली. मुळाशी मधाचा रंग, पुढे संध्याकाळ उतरत जावी तसा गडद होत शेवटी निखळ काळा. अंगठा टेकतो तिथे पन्नासएक वर्षांच्या वापराने एक उथळ खळगा पडला होता. मास्तरांनी तो चाकू बाजारात एकदा, बाबा सॉसेज कापत असताना, जवळून पाहिला होता. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नव्हते.

आता मात्र वेळ उरला नव्हता. सोमवारी बाबांची भाची त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात न्यायला येणार होती. तिथे खिशात चाकू ठेवायची मुभा नव्हती. म्हणजे रविवार संपायच्या आत त्या मुठीला कुणाचा तरी हात मिळायला हवा होता, आणि त्याच चाकूवर डोळा ठेवून खाणावळीचा मालक आठवडाभर बाबांना फुकट वाइन पाजत होता.

मास्तरांचा बेत साधा होता. विकत मागायचा नाही, बाबा चिडतील. अदलाबदल करायची. जेवता जेवता आपले उत्तमोत्तम चाकू एकेक करून काढायचे, मूठ दाखवायची, पातं उघडायचं आणि शेवटी मिटायचं, कारण मुठीतल्या पोलादी कमानीचा तो कोरडा, स्वच्छ 'टक्' ऐकल्याशिवाय चाकूची ओळख पुरी होत नाही.

रविवारी बाराच्या ठोक्याला काझिमीरबाबा आले. वय चौऱ्याऐंशी, केस पाण्याने चापून बसवलेले, अंगात लग्नाकार्याचा कोट. चाकूलाही ते गाईच्याच नावाने ओळखत. बसल्यावर त्यांनी खिशातून फ्रोमांत काढली, उघडली आणि थाळीच्या उजव्या अंगाला ठेवली. नोएमीने कोबीचं सूप वाढलं आणि ती मांस बघायला स्वयंपाकघरात गेली.

बाबांचे दोन चमचे झाले असतील नसतील, तोच मास्तरांनी ज्युनिपरचा चाकू काढला. लाकूड कुठल्या उतारावरचं, किती वर्षं सुकवलेलं, हे सगळं सांगितलं. मूठ बाबांच्या नाकाशी धरली. बाबांनी वास घेतला आणि चांगला आहे म्हणाले. मास्तरांनी तो मिटला. टक्.

बाबांनी चमचा खाली ठेवला. ओठ पुसले. आपला चाकू मिटून खिशात घातला, टोपी डोक्यावर चढवली आणि ते उठून अंगणात गेले.

मास्तरांना क्षणभर उमगेना. मग त्यांनी स्वतःशीच मान डोलावली. म्हातारा पक्का आहे! एका चाकूवर सौदा व्हायचा नाही, असं न बोलता सांगून गेला. ते मागोमाग गेले, बाबांचा दंड धरून अजून पुष्कळ काही बाकी आहे म्हणाले आणि त्यांना परत खुर्चीवर आणून बसवलं. बाबा गोंधळले, पण पाहुण्याने यजमानाला प्रश्न विचारायचे नसतात. तोवर नोएमीने येऊन थाळ्या उचलल्या होत्या. बाबांचं सूप तसंच राहिलेलं पाहून तिने कपाळाला आठी घातली, पण ओव्हन हाका मारत होता.

मग मांस आलं. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं, काट्याचा नुसता धाक दाखवला तरी सुटणारं. बाबांनी त्याचा वास डोळे मिटून घेतला, एक तुकडा कापला आणि काट्याला लावून उचलला. मास्तरांनी आता दोन चाकू एकदम बाहेर काढले. मेंढ्याचं शिंग आणि बॉक्सचं लाकूड. एका चाकूच्या बदल्यात दोन, असा भाव त्यांना तोंडाने बोलायचा नव्हता, फक्त सुचवायचा होता. वर्णन लांबलं. काटा अधांतरी थांबला, कारण बोलणाऱ्या मास्तरांसमोर चावत बसणं बाबांना बरं दिसेना. अखेर मास्तरांनी दोन्ही हातांनी दोन्ही चाकू मिटले. टक्, टक्.

बाबांनी तो तुकडा अतिशय दुःखाने थाळीत परत ठेवला. उठले. टोपी. दार.

या खेपेला ते बराच वेळ आले नाहीत. स्वयंपाकघरात अलिगो घोटत असलेल्या नोएमीला खिडकीतून ठोके ऐकू आले म्हणून तिने बाहेर पाहिलं. कोट कुंपणावर टांगून तिचे चौऱ्याऐंशी वर्षांचे पाहुणे कुऱ्हाडीने तिचं जळण फोडत होते. फोडलेल्याची छोटी रासही रचून झाली होती.

तिने नवऱ्याला विचारलं, तू त्यांना काय बोललास? मास्तर कुजबुजत म्हणाले की हा घासाघिशीचा प्रकार आहे, तुला नाही कळायचं, डोंगरातली माणसं अशीच राग दाखवतात. आता आपण चार चाकूंवर जाणार आहोत. नोएमी म्हणाली की चारावर जा नाहीतर चाळीसावर, अलिगो थांबत नाही. बटाटा आणि ताजं चीज एकजीव होऊन दोरासारखं ओढलं जाण्याचा तो क्षण असतो, आणि तो पंगत बसलेली नसली तर वाट पाहत नाही.

बाबांना पुन्हा आणलं गेलं. कपाळावर घाम होता. चेहऱ्यावर मात्र एखाद्या विचित्र घराण्यात चाकरीला लागलेल्या माणसाची सोशिकता होती. नोएमीने पातेलं स्वतः आणून लाकडी पळी उंच उचलली. पांढराशुभ्र, लकाकता दोर तिच्या खांद्यापासून बाबांच्या थाळीपर्यंत अखंड उतरला. बाबांनी चमचा घातला, तोंडाशी नेला, थाळी आणि हनुवटी यांच्यात अलिगोचा पूल उभा राहिला, आणि नेमका तेव्हाच मास्तरांनी चारांतला पहिला, आपला सर्वात मोठा, अक्रोडाच्या मुळाचा चाकू मिटला. टक्.

बाबा उठले. पूलही त्यांच्याबरोबर उठला. एका हाताने टोपी शोधत, दुसऱ्याने हनुवटीवरचा दोर आवरत ते दाराकडे वळले. या वेळी नोएमी दारात उभी होती.

"काझिमीरबाबा, कुठे निघालात?"

"कामाला, बाई. जळण झालं, आता गोठा झाडावा म्हणतो."

"जेवण टाकून?"

बाबांनी दोर गिळला. "जेवण संपलं ना. घरच्या मालकाने चाकू मिटला. बाराव्या वर्षी मी चाकरीला लागलो, चाळीस गडी एका टेबलाला बसायचो. मालक भराभर जेवायचा. त्याचा चाकू मिटला की ज्याच्या तोंडात जे असेल ते त्याचं, थाळीतलं तिथेच." मग अगदी अदबीने ते म्हणाले, "पण आमचा मालक जेवणात एकदाच मिटायचा हो. मास्तर तर घासाघासाला उठवतात."



नोएमीने नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर स्टेशनमास्तरचं पोर, आयुष्यभर शाळेच्या भोजनगृहात बोथट सुरीने जेवलेले. ही रीत त्यांना ठाऊक नव्हती असं मात्र नाही. याच विषयावर त्यांनी तालुक्याच्या वार्षिकात तळटीपांसह चार पानी लेख लिहिला होता. ती प्रथा अजून जिवंत आहे आणि आपल्याच टेबलाशी उपाशी बसली आहे, एवढंच त्यांना कळलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले.

पुढचं सगळं नोएमीने हातात घेतलं. कोटाच्या खिशांतून, मांडीवरून, रुमालाखालून मास्तरांचे सगळे चाकू बाहेर काढायला लावले, उघडून टेबलावर पसरले, आणि आपण सांगेपर्यंत कुणी मिटेल तर याद राखा, असं बजावलं. नऊ उघड्या पात्यांच्या पहाऱ्यात काझिमीरबाबा जेवायला बसले. सूप गरम करून आलं, मांस आलं, अलिगो तीनदा आलं. मास्तर हात मांडीवर ठेवून बसले होते. बाबांचा पहिला घास व्यवस्थित पोटात उतरताना त्यांनी पाहिला आणि त्यांना वाटलं, इतक्या वर्षांत आपण कुठल्याही मुठीकडे इतकं लक्ष देऊन पाहिलेलं नाही.

चीजचं ताट आलं तेव्हा बाबांनी स्वतःच विषय काढला. मास्तर, हा तुमच्याकडे आला तर काय होईल त्याचं?

मास्तरांनी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. कपाटाची काच दाखवली आणि खिशातून तयार चिठ्ठी काढून वाचली: गाईचं शिंग, भरीव टोक, स्थानिक लोहारकाम, हाताळू नये.

"म्हणजे कापणार काही नाही?"

"नाही, बाबा. पण सुरक्षित राहील."

बाबांनी खळग्यावरून अंगठा फिरवला. "मीही उद्यापासून सुरक्षितच राहणार आहे," ते म्हणाले.

मग चीजचा तुकडा संपवून ते म्हणाले, एखादं नाणं आहे का? चाकू नुसता हातात देऊ नये, माणसांमधलं काहीतरी कापलं जातं. मास्तर इतक्या घाईने उठले की खुर्ची पडली. दोन युरोंचं नाणं त्यांनी बाबांच्या तळहातावर ठेवलं. बाबांनी ते नाणं उलटसुलट पाहिलं, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि चाकू टेबलावरून पुढे सरकवला. तो मास्तरांच्या थाळीपाशी थांबला नाही. थेट नोएमीपुढे जाऊन थांबला.

"तुमच्या ॲप्रनला खिसा दिसत नाही, बाई, म्हणून नाणं मास्तरांकडून घेतलं," बाबा म्हणाले. "हिला रोज काहीतरी कापायला द्या. तिला बसून राहायची सवय नाही."

सोमवारी भाचीच्या गाडीत बसताना बाबांच्या मांडीवर अलिगोचा डबा होता. नोएमी दर पंधरवड्याला नवा घेऊन जाते आणि चाकूने पंधरवडाभर काय काय कापलं ते सांगते. बाबा ऐकतात आणि कांद्यापाशी हसतात.

मास्तरांनी मूठ जरा हातात घेऊ दे म्हणून बायकोला तीन वेळा विनवलं. चौथ्या वेळी तिने चाकू दिला, सोबत बटाट्यांची परडीही दिली. अंगठा त्या खळग्यात आपसूक जाऊन बसला, आणि मास्तरांनी परडी रिकामी होईपर्यंत बटाटे सोलले. तेव्हापासून त्यांना मूठ हवी तेव्हा मिळते. गावात म्हणतात, मास्तरांकडे हल्ली आठवड्यातून पाच दिवस बटाट्याचं सूप असतं.