किसननानांचा इम्तेहान

रक्तदाबाचे मार्क मोजणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. शहरातल्या छावणी भागातल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "नाना, एकशे चाळीस आहे, मीठ कमी करा." दुसरा कुणी असता तर हादरला असता. किसननाना वाकळे बाहेर आले आणि बाकड्यावर बसलेल्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शंभरात एकशे चाळीस पडले! तुमाला किती?"

चष्म्याच्या दुकानात तर त्यांनी कहरच केला. नंबर येईपर्यंत भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता जवळ जाऊन पाठ केला आणि मग लांबच्या खुर्चीत बसून घडाघडा म्हणून दाखवला. दुकानदारानं 'नजर उत्तम' म्हणून घरी पाठवलं. तेव्हापासून नाना रिक्षाला एसटी समजून हात करतात, पण पास झाल्याचा आनंद काही कमी झालेला नाही.

माझी नि त्यांची गाठ पडली ती विद्यापीठामुळे. मी तिथं मानसशास्त्र शिकवते. आमचा विभाग आणि परदेशातलं एक विद्यापीठ यांनी मिळून एक प्रकल्प घेतला होता. म्हातारपणी माणूस काही नवीन शिकत राहिला तर त्याची आठवण टिकते का, हे बघायचं होतं. छावणीतल्या एका शाळेचा रिकामा वर्ग मागून घेतला, सत्तरीपुढची वीस-पंचवीस माणसं जमवली आणि आठवड्यातून दोनदा मोबाइल, थोडं इंग्रजी, नकाशा वाचणं असं काहीबाही शिकवायला लागलो. दर तीन महिन्यांनी चाचणी. एकेकाला बोलवायचं, दहा शब्द वाचून दाखवायचे आणि वीस मिनिटांनी त्यातले किती आठवतात ते लिहून घ्यायचं. बस, एवढंच.

अर्जात एक अट होती. तिचं मराठी मी स्वतः केलं होतं आणि खरं सांगते, त्यावर मी फार खूश होते. 'ज्यांचे स्मरणगुण विहित मर्यादेखाली जातील, त्यांना अभ्यासगटातून वगळण्यात येईल.' बाकीच्यांनी न वाचता सह्या ठोकल्या. नाना बोट ठेवून तीनदा वाचत बसले. शेजारी त्यांच्या पत्नी, गिरजाकाकू, गालात हसत बसलेल्या.

"म्हंजी नापास झालं की भाईर?" नानांनी विचारलं.

"नाना, ही परीक्षा नाही. यात पास-नापास नसतं."

"पर भाईर काढत्याल?"

"...तशी अट आहे."

"मंग परीक्षाच की वो बाई. आमच्या शाळेत त्याला इम्तेहान म्हनायचे."

ही शाळा म्हणजे निजामाच्या काळातली. नाना दौलताबादकडचे, घरात मेंढरं. वाकळ्यांच्या घरातून शाळेत गेलेला हा पहिलाच पोरगा. उर्दूत तिसरी पास झाले, तेवढ्यात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. मग गावातली शाळा मराठी झाली आणि चौथीत नानांच्या पाटीवर उजवीकडनं लिहावं की डावीकडनं, इथपासून घोळ सुरू झाला. नापास. बापानं पाटी काढून हातात काठी दिली. पुढं मेंढरं आणि नंतर एका कारखान्याच्या गेटवर रखवालदारी.

"निजामाच्या राजात मी पास व्हतो बगा," नाना सांगायचे. "सोतंत्र झालो आन नापास झालो!" आणि मोठ्यानं हसायचे. आपण हसलो की मात्र ते थांबायचे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

चाचणीच्या दिवशी नाना पॅड, दोन टोक केलेल्या पेन्सिली आणि कपाळाला अंगारा अशा तयारीनं यायचे. लिहायचं काहीच नसायचं, तरी पॅड. काकूंच्याही कपाळाला अंगारा, हातावर दही-साखर. वर्गाला दम भरलेला असायचा, "आपल्या वर्गात कुनीबी नापास व्हायचं नाय. सांगून ठिवतो."

आणि काय आश्चर्य, कुणी होईना! पहिल्या चाचणीत पाच-सहा शब्द सांगणारी माणसं वर्षभरात दहाच्या दहा सांगायला लागली. मी आकडे पाठवले. परदेशातल्या प्राध्यापक बाईंनी आधी अभिनंदन कळवलं आणि मग स्वतःच विमानात बसून आल्या. म्हातारी माणसं दर तीन महिन्यांनी तरुण होतायत हे प्रकरण त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

त्या दिवशी पहिला नंबर शेवंताबाईंचा. ऐंशीच्या घरातल्या, तोंडाच्या फटकळ. मी कागद हातात धरला, म्हटलं, "शेवंताबाई, आता मी दहा शब्द वाचते, नीट ऐका."

"कशाला घसा कोरडा करतीस माय?" शेवंताबाई म्हणाल्या. "हायत की पाठ!" आणि डोळे मिटून, मांडीवर ताल धरून, भजनाच्या चालीत सुरू झाल्या, "कंदील बैल नदी सुई, टोपी डोंगर आरसा, भाकर घंटा चमचा गं, चमचा गं..."

मी अजून तोंड उघडलेलं नव्हतं! बाहेर व्हरांड्यात बसलेल्यांनी आतला आवाज ऐकला आणि धृपद धरलं. परदेशी बाईंना वाटलं त्यांच्या स्वागताचं गाणं आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दर वेळी तेच दहा शब्द वापरायचा शहाणपणा माझा. त्यांची शिकवणी घेणारा कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

"नाना, हा काय चावटपणा?" मी कडाडले. "वर्षाचं काम पाण्यात गेलं!"

"इम्तेहान तुमी घ्यायचा आन आमी अभ्यास करायचा नाय?" नाना तितक्याच जोरात. "ह्यो कुठला कायदा?"

हे भाषांतर करून सांगितल्यावर परदेशी बाई पोट धरून हसल्या. नवे शब्द घेऊन चाचणी पुन्हा घ्यायची ठरली. जाताना त्यांनी मला एकच विचारलं, हा माणूस इतरांसाठी एवढी मेहनत का करतो? मीही आपली वर्षभर मार्कांवरच हसत होते.

नानांची शिकवणी सकाळी शाळेच्या मैदानात भरते असं शेवंताबाईंकडून कळलं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिथं गेले. कडुलिंबाखाली सतरंजी. मला वाटलं होतं अख्खा वर्ग असेल, पण दोघंच होते. नाना आणि समोर गिरजाकाकू, हात गुडघ्यांवर ठेवून, पहिलीतल्या पोरीसारख्या ताठ.

"कंदील," नाना म्हणाले.

"कंदील," काकू म्हणाल्या. "मंग बैल. व्हय ना मास्तर?"

मला गंमत वाटली. नवराबायकोची थट्टा चाललीय असं समजून मीही थट्टेत शिरले. "काय काकू, नानांना चक्क मास्तर म्हणता?"

"मास्तर न्हाय तर काय?" काकूंनी पदर सावरला. "लई चांगले हायत. कदी मारत न्हाईत, वराडत न्हाईत." मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "ह्यांची बायकू कुठं असती कुनाला ठावं. कदी दिसली न्हाय बाई."

मी नानांकडे पाहिलं. नाना सतरंजीचा दोरा ओढत बसले होते.

मानसशास्त्रातली पीएचडी माझी! वर्षभर ती बाई नानांनी घोटून घेतलेले दहा शब्द म्हणत माझ्यासमोर गालात हसत बसली होती आणि मला वाटत होतं, स्वभावानं गोड आहे. लाज वाटली हो. आजही वाटते.

नवी चाचणी झाली. नानांना नऊ शब्द आठवले, वर्गात सगळ्यात जास्त. काकूंना एकही नाही. काकूंना डॉक्टरांकडे न्यायचं मी ठरवून टाकलं होतंच, पण अट अट होती, आणि तिचं ते देखणं मराठी मीच केलेलं होतं. मी नानांना बाजूला घेतलं.

"नाना, काकूंचं नाव यादीतून काढावं लागतंय. पण वर्गात त्यांना कधीही येऊन बसू द्या. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. चाचणी, परीक्षा काही नाही, नुसतं बसायचं."

मला वाटलं, नानांना हायसं वाटेल. नानांचा चेहरा पडला.

"नाव कापा. माझंबी कापा," ते म्हणाले. "पर बाई, परीक्षा न्हाय असं तिला नका सांगू."

"का हो?"

"घरात मी शेजारी बसलो तर उठून जाती. परका मानूस हाय म्हनती. सुनंला हाका मारती." नाना टोपी काढून हातात घेऊन बोलत होते. "सबक, धडा घ्यायाचा म्हनलं की बसती. घडीभर बसती. हसती बी. परीक्षाच न्हाय म्हनल्यावर ती माझ्याजवळ बसंल कामून?"

व्हरांड्यात काकू एकट्याच चपला शोधत होत्या, पायातच होत्या. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा शाळेतल्या बाईंचा दरारा आवाजात आणला.

"गिरजाबाई, पुढच्या गुरुवारी परीक्षा आहे. अभ्यास झाला पाहिजे."

काकू घाबरल्या. इकडंतिकडं पाहिलं, नाना दिसले तशा लगबगीनं गेल्या आणि त्यांचा हात धरला. चारचौघांत, सगळ्या वर्गासमोर.

"मास्तर, चला बिगीनं," काकू म्हणाल्या. "गुरुवारी परीक्षा हाय, आन माझं तुमच्याबिगर कुनी न्हाय."