अंजनाकाकूंच्या खड्ड्यातला मूळपुरुष

देह नाशवंत आहे. हे आम्ही गेली बेचाळीस वर्षे सप्ताहात सात-सात दिवस ऐकतो, माना डोलावतो आणि काल्याचा प्रसाद घेऊन घरी जातो. हाडांना मात्र हे कोणी ऐकवलेले दिसत नाही. ती तीन-तीन हजार वर्षे तशीच पडून राहतात आणि नेमकी अंजनाकाकूंच्या संडासाच्या खड्ड्यात निघतात.

कवठे महांकाळच्या पूर्वेला, मेंढरे जास्त आणि सावली कमी अशा मुलखात आमची वाडी आहे. अंजनाकाकूंचे वय बासष्ट आणि दोन्ही गुडघे निकामी. बांधापर्यंत जायला वीस मिनिटे, यायला पंचवीस. धुळाकाकांनी (काकूंचे यजमान) नऊ वर्षे उद्या-उद्या करून अखेर परड्यात खड्डा काढायला घेतला. पाच फुटांवर इलियास गवंडी थांबला, खोरे बाजूला ठेवून वर आला आणि म्हणाला, "काकू, आत कुणीतरी हाय. लय दिवसापास्नं हाय."

दुसऱ्या दिवशी तहसीलचा कागद आला: पुढील आदेशापर्यंत सदर खड्ड्याचा वापर करू नये.

"वापर कराय म्हणूनच काढलाय की त्यो!" काकू म्हणाल्या. त्यांचे म्हणणे नोंदवून घेण्यात आले.

पुण्याच्या शास्त्रज्ञांना यायला अकरा दिवस लागले. तेवढ्या अवधीत गावाने, कोणतेही सुसंस्कृत गाव करील ते सर्व केले. दुधाचा अभिषेक (पाच वेळा), भंडारा (सव्वा किलो), खोबरेल तेल, नारळ, आणि एक गॉगल (कोणी घातला हे अद्याप निष्पन्न झालेले नाही). हा गावचा मूळपुरुष, यावर एकमत होते. कोणाचा, यावर चार भावक्यांची चार मते होती. कारण मूळपुरुष ज्याचा, जत्रेत पालखीला पहिला खांदा त्याचा. इलियासच्या आजोबांनीही एकदा सहज येऊन, तोंड कुठल्या दिशेला होते एवढे विचारून घेतले. सरपंच भाऊसो यांनी तर कवटी हातात घेतली, फुंकर मारून धूळ उडवली आणि चाळीस मिनिटे वेगवेगळ्या अंगांनी फोटो काढून घेतले.

मग डॉक्टर शिवांजली आल्या. देवळाच्या मंडपात त्यांनी जे निरूपण केले, तसे मी तरी अलीकडे ऐकलेले नाही. पूर्वरंगात कार्बन, उत्तररंगात वंशावळ. जिवंतपणी आपण एक जरा चंचल जातीचा कार्बन अंगात घेत असतो. मेल्यावर तो ठरल्या गतीने सरत जातो. उरलेला किती, हे सांगणारे एक दिवाणखान्याएवढे यंत्र आहे. ते त्याचे अणू पळवते आणि एकेक करून मोजते. ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले. आमच्याकडे महाप्रसादाच्या पंगतीतली पाने मोजली तरी दोन माणसांचे दोन आकडे येतात. त्या निरूपणाला फक्त टाळकरी तेवढे हवे होते.

उत्तररंगासाठी गावातल्या सत्तावीस जणांची थुंकी हवी होती. एरवी आमच्याकडे हा माल कोणत्याही भिंतीवर विनासायास मिळतो. पण नळीत पहिला थुंकण्याचा मान कोणाचा, यावर साडेतीन तास गेले. अखेर पालखीच्या क्रमानेच थुंकायचे ठरले. सात नमुने तंबाखूमुळे बाद झाले. ते सात जण चुळा भरून, आपापल्या मानाला बाधा येणार नाही अशा बेताने पुन्हा थुंकले.

आठ महिन्यांनी अहवाल आला. काळ: आधुनिक, बहुधा चालू वर्ष. आनुवंशिक ओळख: भाऊसो.

विज्ञान एवढे स्वच्छ बोलल्यावर शंकेला जागा उरत नाही. भाऊसोंनी स्वतःच गावचे मूळपुरुष म्हणून स्वतःचा सत्कार स्वीकारला. विरोधी गटाच्या वीरधवल यांनी, सरपंच मृतावस्थेत आढळल्यामुळे पोटनिवडणूक घ्यावी, असा अर्ज तहसीलला दिला. भाऊसोंना आपण हयात असल्याचा दाखला जोडावा लागला. (तो मिळायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस उपसरपंचांनी त्यांच्या खुर्चीला हार घालून ठेवला होता.) काकूंची वीस आणि पंचवीस मिनिटे चालूच होती.

डॉक्टरबाई तातडीने आल्या. "हाडं हाताळली कुणी?"

मग धुळाकाका म्हणाले, "हाताळली न्हाईत, बाई. दर्शन घ्येतलं."

"आणि दूध?"

"त्ये म्हशीचं हुतं. भेसळ न्हाई."

दुसऱ्या खेपेला त्यांनी कानामागचे हाड घेतले. माणसाच्या शरीरात एवढे टणक हाड दुसरे नाही म्हणे. दूध, तेल, हात, काही आत पोचत नाही. (कानाच्या आसपास असे एखादे हाड असणार, हे मला बेचाळीस सप्ताहांच्या अनुभवावरून आधीच ठाऊक होते.)

आणखी दहा महिन्यांनी अख्खे गाव पुन्हा मंडपात जमले. डॉक्टरबाईंनी वाचले: काळ, सुमारे एकतीसशे वर्षांपूर्वी. वय, चाळिशीच्या आतबाहेर. स्त्री. ओझी वाहून आणि उकिडवे बसून गुडघ्यांची झीज. सत्तावीसही जणांशी नाते सारखेच. फरक दशांशचिन्हानंतर तिसऱ्या घरात.

"बाई?" भाऊसो म्हणाले.

"हो."

"आन कुणाची?"

"सगळ्यांचीच. तुमची, यांची, इलियासभाईंची पण."

भाऊसोंनी थोडा विचार केला. "म्हंजी कुणाचीच न्हाई की."

गावाचा जीव भांड्यात पडला. तिथल्या तिथे ठराव झाले: अहवालाची नोंद घ्यावी. सदर महिलेचा गावाशी संबंध नाही. पालखीचा मान पूर्ववत. खड्डा अंजनाबाईंनी खुशाल वापरावा. एकोणीस महिने अडलेले काम सहा मिनिटांत मोकळे झाले. विज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

काकू खांबाला धरून उठल्या. "डॉक्टरीणबाई, तिचं गुडघं गेलं हुतं म्हणालासा?"

"हो काकू. दोन्ही. डावा जास्त."

"माजाबी डावाच." त्या मागे वळल्या. "इलियास, त्यो खड्डा बुजव. चार हात अलीकडं नवा घे."

"आवं काकू, आता तर परवानगी मिळाली!"

"परवानगी ह्यांनी दिली. तिनं कुठं दिलीय?"

"ती ग्येली की पुण्याला, खोक्यातनं."

"जाऊ दे. निजली तर हितंच हुती न्हवं एवढं दीस?"

नवा खड्डा इलियासने दोन दिवसांत काढला, नवव्या दिवशी दाराला कडी बसवली. बुजवलेल्या जागेवर काकूंनी कढीपत्त्याचे रोप लावले आहे. येता-जाता त्या तिथे टेकतात. कोणाशी तरी गुडघ्यांविषयी बोलतात.

त्या वर्षीच्या सप्ताहात बुवांचे निरूपण काय सांगावे! सगळ्या देहांत नांदणारा एकच, तिथे कसले कूळ अन् कसला मान! अख्खा मंडप डोलत होता. पहिल्या रांगेत, पहिल्या मानाने, भाऊसो डोलत होते. माझे तर उपरणे भिजले. ते पिळता पिळता शेजारच्या अनोळखी माणसाला मी प्रेमाने विचारले, "पाव्हणं, आडनाव काय म्हणायचं?"

हसू नका, वाचकहो. या हकिकतीत मी एकाचेही आडनाव लिहिलेले नाही, स्वतःचेसुद्धा नाही. ते तुम्ही कितव्या ओळीपासून शोधता आहात, हे तुमच्या कानामागच्या हाडाला विचारा.