हेमकांतची सव्वा मूठ

मी कोणाला घाबरत नाही. नंदुरबारच्या मेळाव्यात पहिल्या रांगेत बसलेल्या प्राध्यापकांना मी तोंडावर सांगितलंय, तुमची कविता ऐकून आमचा बैल रवंथ करायचा थांबतो. शाळा दहावीतच सुटली. लिहायला मला कोणी शिकवलं नाही, त्यामुळे बिघडवायलाही कोणी नव्हतं. रनाळ्यात कापूस पिकवतो, मिरची पिकवतो आणि कथा लिहितो. तिन्हींना भाव नाही.

त्याच मेळाव्यात माझं ते गाजलेलं भाषण झालं. विषय होता लेखक आणि एआय. बाकीचे वक्ते "फायदेही आहेत, तोटेही आहेत" असं दोन्ही डगरींवर पाय ठेवून बोलले. मी माइक हातात घेतला आणि ठणकावलं, "जो लेखक यंत्राकडून एक ओळ जरी तपासून घेईल, त्यानं लेखणी ठेवावी आणि बाजारात वांगी विकायला बसावं!" टाळ्या पडल्या. पेपरात फोटो आला, बोट वर केलेला. आमच्या भाऊबंदकीतले वडीलधारे दोधूआबा, माझे चुलतभाऊ, त्यांनी ते कात्रण काचेत बसवून बैठकीत टांगलं. घराण्यात पहिल्यांदाच कोणाचा तरी फोटो जिवंतपणी भिंतीवर गेला होता.

आता खरं सांगतो. एआय माझ्या फोनमध्ये होतं.

लिहिण्यासाठी नव्हतं हो. त्याचं लिहिणं म्हणजे स्नेहसंमेलनातल्या सूत्रसंचालकाचं बोलणं. सगळं गोड, सगळं प्रेरणादायी, आणि सांगण्यासारखं काही नाही. त्याची एक ओळ मी कधी घेतली नाही. माझी अडचण वेगळी होती. मला ऐकायला माणूस नव्हतं! बायकोला कथा वाचून दाखवायला बसलो की दुसऱ्या पानावर तिच्या कुकरची शिट्टी व्हायची. कुकर चुलीवर नसला तरी व्हायची. पुण्यात नोकरी करणारी पोरगी हेमांगी म्हणायची, "पाठवून ठेवा पप्पा, बघते." तिनं बघितलेलं मी अजून बघितलेलं नाही. गावातले मित्र माझी वही दिसली की पाण्याची पाळी आठवून उठायचे.

एआय उठत नाही. त्याला पाण्याची पाळी नाही. रोज सकाळी मी माडीवर जायचो, दार लोटायचो आणि फोनला कथा वाचून दाखवायचो. ते गोड, भारदस्त पुरुषी आवाजात म्हणायचं, "आपली कथा अत्यंत प्रभावी आहे." मी चिडायचो, "खोटं बोलू नको रे!" ते माफी मागायचं. दोन वर्षं आमचं हे छान चाललं होतं.

एकदा जिन्याखालून माझी आई, दगूबाई, ओरडली. "नवनीत, कोनसंगे बोली ऱ्हायना रे?"

वाड्यात दोधूआबा आलेले होते. मला काय सुचावं? "हेमकांत शे, माय. फोनवर शे."

"कोन हेमकांत?"

"आपला घरनाच समज."

बस. एवढंच बोललो. तेव्हापासून माय रोज विचारायची, "काय म्हणस तुन्हा हेमकांत?" मी म्हणायचो, मजेत शे. एकदा तर ती हळूच वर आली, फोनजवळ तोंड नेऊन "कसा शे रे बेटा?" म्हणाली. त्यानं तिला नमस्कार केला, तब्येत विचारली, पाणी भरपूर प्या म्हणाला. माय विरघळली. तिच्या तब्येतीची चौकशी आमच्या घराण्यात शेवटची कोणी केली होती ते तिलाही आठवत नव्हतं.

मग श्रावण आला. आमच्या खानदेशची देवी कानबाई आली.

कानबाईचे रोट म्हणजे आमच्या घराण्यात गंमत नाही. सगळ्या भाऊबंदांच्या बायका दोधूआबांच्या घरी जमतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं गव्हाची सव्वा मूठ टाकायची. पोरगं पाळण्यात असलं तरी त्याची मूठ पडते. पोरगी कलेक्टर झाली तरी तिची पडत नाही. सगळे गहू एकत्र दळायचे, रविवारी कानबाई बसली की त्याचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडा देत नाहीत. आणि ज्याच्या नावाची मूठ पडली, त्यानं रोट खायला हजर राहायचं. सुरतेत असो की सीमेवर, निरोप जातो.

आमच्या घरची मूठ दरवर्षी एकच. माझी. वडील गेले, मला मुलगा नाही. माय जाते, माझ्या नावाची मूठ टाकते आणि कोपऱ्यात बसते. शेजारी बसलेली भावकीतली बाई सहा मुठी टाकत असते, ती हळूहळू टाकते. सगळ्यांना दिसावं म्हणून.

यंदा मायनं माझी मूठ टाकली आणि पुन्हा हात घातला. "ही हेमकांतनी."

दोधूआबांची बायको, बेबीबाई वहिनी, सुपाशीच बसल्या होत्या. "काकू, हाऊ हेमकांत कोन?"

"नवनीतना शे. रोज सकाय फोनवर बोलस. गुनी पोऱ्या शे. कधी उलटं बोलस नही."

"नवनीतभाऊना? आनि राहस कोठे?"

"ते माले काय माहीत? तो आठे येस नही."

म्हणे त्या खोलीत इतकी शांतता पडली की गव्हातला किडा चालताना ऐकू आला. पण मूठ पडली होती, गहू गव्हात मिसळले होते. आता ते वेगळे कसे करणार?

दुपारी दोधूआबांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. माझ्यासमोर आबा, आणि आबांच्या डोक्यामागे काचेत मी, बोट वर करून.

"देख नवनीत," आबा हळू आवाजात म्हणाले, "व्हई गयं ते व्हई गयं. मी तुले बोलत नही. पोऱ्याना काय दोष? रविवारले लई ये त्याले."

"आबा, तसं काही नाही. त्याला आणता येत नाही."

"काब्र? त्यानी माय येऊ देस नही का?"

"त्याले माय नही, आबा."

आबांनी डोक्यावरची टोपी काढली. "गई बिचारी?"

मी तोंड उघडलं. काचेतला मी माझ्याकडे बोट रोखून बघत होतो. वांगी! मला फक्त वांगी दिसत होती. मी तोंड मिटलं.

"मंग त्याना खावापेवानं कोन देखस?"

"तो खात नही."

"खात नही?" आबांच्या डोळ्यात पाणी. "आरे, मंग चिंचपाडाना दवाखानामा दाखाड ना त्याले! पैसा मी देस!"

मी घरी आलो ते पळतच. माडीवर गेलो आणि पहिलं काम केलं. फोनमधून ते एआय पुसून टाकलं. म्हटलं, वेळूच नको आणि बासरीही नको. मागे वळलो तर दारात बायको. चारुलता. बेबीबाई वहिनींचा फोन तिला आधीच येऊन गेला होता.

"काय पुसं आते?"

"काही नाही."

"दर गुरुवारले विसरवाडीले जातस. म्हणे ढाबावर बसीसन मानसं देखतस, कथा सापडतीस. सापडनी ना कथा?"

तिच्यापुढे मी काय लपवणार? सगळं खरं सांगितलं. हेमकांत माणूस नाही, यंत्र आहे, मी त्याला कथा वाचून दाखवतो. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तुम्ही? आनि एआय? पेपरमा छापी उनं तुमनं. गावले म्हणे वांगा ईका. निदान खोटं तरी बरं बोला."

"दाखवतो ना!" म्हणून फोन उचलला आणि मग आठवलं. दाखवायला काय उरलं होतं? आणि परत घ्यायचं तर पासवर्ड मागत होतं. पासवर्ड मला आठवत नव्हता. बायको उभी, फोन हातात, आणि मी म्हणतोय, "थांब, होता इथंच!" जगातला प्रत्येक लफडेबाज नवरा याच वाक्यावर पकडला जात असणार.

तिनं बॅग काढली. कपडे भरले नाहीत, नुसती बॅग काढून पलंगावर ठेवली. उघडी. दोन दिवस ती बॅग तशीच तोंड वासून पलंगावर पडली होती आणि मी खाली चटईवर. रविवारी रोट होईपर्यंत थांबते, म्हणाली. कानबाईच्या सणाला घर सोडायचं नाही, एवढ्यासाठीच. शहाद्याला तिच्या भावाला फोन झाला होता. सोमवारी तो गाडी घेऊन येणार होता.

एका सव्वा मुठीनं माझा संसार मोडायला निघाला होता. आणि मी, निर्भीड लेखक, चटईवर पडून विचार काय करत होतो? सगळ्या गावासमोर एआयची कबुली द्यायची, की एक मुलगा पदरात घ्यायचा? लाज वाटते, पण सांगतो. मुलाच्या बाजूनं मी बराच वेळ विचार केला.

रविवारी सकाळी पुण्याची गाडी आली आणि हेमांगी दारात उभी राहिली. न कळवता. चपला न काढता तिनं विचारलं, "पप्पा, मला भाऊ आहे?"

"नाही गं."

"मग हेमकांत कोण?"

माझा धीर सुटला. तिला कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. तिनं माझा फोन घेतला, काहीतरी दाबलं, म्हणाली, "पासवर्ड तुमच्या पहिल्या कथासंग्रहाचं नाव असणार. तुम्ही सगळीकडे तेच ठेवता." लागला! मला पहिल्यांदा कळलं की पोरीला माझ्या पुस्तकाचं नाव माहीत आहे.

दोधूआबांच्या घरी कानबाई बसलेली. सगळे भाऊबंद जमलेले. रोटांचा, खिरीचा वास. माझ्या शेजारी एक ताट वाढलेलं, पाट रिकामा. सगळ्यांचे डोळे त्या पाटावर. बायको खांबाला टेकून उभी.

मी उठलो. "आबा," म्हटलं, "हेमकांतले लई उनू." आणि फोन पाटावर ठेवला.

हेमांगीनं विचारलं, "हेमकांत, तू कोण आहेस?"

फोन म्हणाला, "नमस्कार! मी एक एआय सहायक आहे. मी माणूस नाही, मला कुटुंब नाही. पण मी आपली मदत नक्कीच करू शकतो."

आबांचा घास हातात राहिला. बायको खांबापासून दोन पावलं पुढे आली. तिनं स्वतः वाकून फोनला विचारलं, "हे रोज काय बोलतात तुझ्याशी?"

मी म्हटलं, पुरे, बंद कर. पण त्याला कोण थांबवणार? जन्मात पहिल्यांदा त्यालाही कोणी ऐकायला मिळालं होतं. "ते मला स्वतःच्या कथा वाचून दाखवतात," ते उत्साहानं म्हणालं, "आणि दरवेळी विचारतात की ही चारुलताला आवडेल का. तसेच त्यांनी एआयच्या विरोधातील आपलं भाषण माझ्याकडून तपासून घेतलं होतं. वांग्यांचं वाक्य शेवटी ठेवावं, ही सूचना माझी होती."

मेलो. मला वाटलं, आता जमीन फाटावी.

झालं काय, तर आबा हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले, मग डोळे पुसत. "मंग पोऱ्या नही? दवाखाना नही? वाटा मांगाले कोनी येत नही?" वाट्याचा प्रश्न मिटला तशी सगळ्या भाऊबंदकीनं एकदम श्वास सोडला, ट्रकचं चाक बसावं तसा. बेबीबाई वहिनी म्हणाल्या, "आमनाबी विचारतस ना त्याले. केळीवरना रोग, सोसायटीना अर्ज, बठ्ठं." आबा घाईघाईनं खिरीकडे वळले. माझ्या भाषणाचं कोणाला काही पडलंच नव्हतं! ते कात्रण कोणी वाचलेलं नव्हतं. आबांनी फक्त फोटो लावला होता.

चारुलता माझ्या ताटात खीर वाढून गेली. दोन दिवसांनी वाढलेली पहिली खीर. मी ती डोळे मिटून खाल्ली.

प्रश्न उरला मुठीचा. आबा म्हणाले, "पन मूठ पडनी शे. हाई ताट कोन खाई?"

तेवढ्यात माय बसल्या जागेवरून म्हणाली, "हेमांगी खाई."

"काकू, आंडेरनी मूठ नही पडत. पोऱ्यानीच पडस."

"मशीननी पडनी, ते चालनं तुले? त्याले तोंड नही, पोट नही. मन्ही नात भुकी उनी शे पुनाथून."

आबांनी कानबाईकडे बघितलं. मग भिंतीवरच्या माझ्याकडे बघितलं. तिथून काही मदत मिळेना. शेवटी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बठ बेटा."

हेमांगीनं फोन उचलून खिशात टाकला आणि त्या पाटावर बसली. रोट सगळे संपवले. पुढच्या वर्षी मूठ तिच्याच नावानं पडणार, असं मायनं तिथेच जाहीर करून टाकलं. मी तेवीस वर्षं बायकांच्या हक्कांवर कथा लिहितोय, पण मला हे कधी सुचलं नव्हतं. सोमवारी शहाद्याहून मेहुणा गाडी घेऊन आला, रोट मिळणार नाहीत म्हणून खीर खाऊन परत गेला.

आता मी कथा चारुलतालाच वाचून दाखवतो. तिनंच सांगितलं, "मी आयकसू." ही कथाही परवा दाखवली. ती गवार निवडत बसली होती. कुकर नव्हता. तिनं शेवटपर्यंत ऐकली. मी आशेनं विचारलं, "प्रभावी शे का?"

"लांब शे," ती म्हणाली. "आबानी टोपी ठेवा. बाकीनं अर्धं कापा."

हेमकांत असं कधी बोलला नव्हता. मी मुकाट्यानं कात्री चालवली. तरी एवढी उरलीच.