राखणदार जंगलात जातो

भाट्याच्या दादू शिवलकराला जंगलाचं कुणी काही सांगू नये! हापूसची दोनशे कलमं, चाळीस वर्षांची राखण आणि वानरांशी रोजचा उभा दावा. एवढ्या भांडवलावर दादू स्वतःला जनावरांतला जाणता समजायचा. घाटावरच्या राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरलं तेव्हा त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून टाकलं, "जंगल म्हंजे काय वो? आमची बागच, जरा जास्त दाट!"

जायचं ठरलं होतं ते मथुरेसाठी, त्याच्या बायकोसाठी. तिचं माहेर अलोऱ्याच्या पुढचं, घाटाच्या पायथ्याचं. लहानपणी शाळेच्या वाटेवर तिला शेकरू दिसायचं. तांबूस अंगाचं, झुबकेदार शेपटीचं, या झाडावरून त्या झाडावर झेप घेणारं. लग्न होऊन ती भाट्याला आली आणि नशिबी आली ती वानरं! "एकदा दाखवतो गो तुला शेकरू," असं दादू दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी बागेचं काहीतरी काम निघायचं. आता पुढच्या महिन्यात तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, यानंतर चढउतार आणि रानवाटा बंद. म्हणजे दाखवायचं तर आत्ताच. डिसेंबर होता, मोहोराला अवकाश होता, दादूकडे सबब उरली नव्हती.

फाटकावर नितेश नावाचा गाईड भेटला. सोबत ऋत्विक नावाचा एक फोटोवाला होता, त्याच्या कॅमेऱ्याची नळी चांगली दुधी भोपळ्याएवढी.

"काका, आत बोलायचं नाही. काहीही दिसलं तरी आवाज करायचा नाही," नितेश म्हणाला.

"मला सांगतोस? अरे, तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मी जनावरांत काढलीत!"

हे खरंच होतं. फक्त ती सगळी वर्षं जनावरांना हाकलण्यात गेली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दादूच्याही नाही.

अर्धा तास सगळं झकास चाललं. वर फांद्यांनी आभाळ झाकलेलं, खाली दमट पाचोळा. मथुरा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात दादूचा दंड धरून हळूहळू चालत होती. मग नितेशने हात वर केला. पाणवठ्यावर सात गवे! ऋत्विकने कॅमेरा डोळ्याला लावला आणि अख्खं जंगल हादरलं.

"हाऽऽऽड! हुर्र्योऽऽऽ! हाड तुज्या!"

गवे गेले. ऋत्विकला फोटो मिळाला तो हलत्या झुडपांचा.

"काका!" नितेशने कपाळावर हात मारला.

"अरे, मी नाय ओरडलो! आपोआप गेलं तोंडातनं. एवढी जनावरं कलमांत शिरली असती तर?"

"इथे कलमं कुठायत, काका?"

दादूने चारी बाजूंना पाहिलं. खरंच नव्हती.

तो ओशाळला. गळ्यातला मफलर काढून त्याने स्वतःचंच तोंड आवळून बांधलं आणि डोक्यामागे दोन गाठी मारल्या. मथुरेने त्याच्या दंडावरची पकड जरा घट्ट केली.

पुढे एका मोठ्या उंबरासमोर नितेशने सगळ्यांना दगडांवर बसवलं. मथुरेची काठी आणि घावण्यांचा स्टीलचा डबा दादूने मांडीवर घेतला. तास गेला. धनेशाची जोडी डोक्यावरून गेली, पंखांचा आवाज असा की एसटीच घाट चढतेय! दादू गप्प. मुंग्या पायजम्यात शिरल्या. दादू तरीही गप्प! त्याने नितेशकडे 'बघ, शीक' अशा नजरेने पाहिलंसुद्धा.

मग शेकरू आलं.

शेपूट फांदीखाली सोडून ते समोरच बसलं, दोन्ही हातांत उंबर धरून. दादूने चाळीस वर्षांत जनावर असं निवांत कधी बघितलंच नव्हतं. त्याला ठाऊक होती ती पळतानाची पाठ. त्याला एकदम भरून आलं. हिला हे दाखवायला आपण इतकी वर्षं का लावली, असं वाटून गेलं.

शेकरूने उंबराचा एक चावा घेतला आणि उरलेलं फळ खाली टाकलं. दुसरं घेतलं. एक चावा. टाकलं! तिसरं घेतलं. एक चावा. तेही टाकलं!

आता हे कुठला बागायतदार सहन करील? तोंड बांधलेलं होतं, पण हात मोकळे होते!

ठण्! ठण्! ठण्! ठण्!

मथुरेची काठी घावण्यांच्या डब्यावर अशी बरसली की डब्याला पोचा आला. शेकरू एका झेपेत दिसेनासं झालं. फांदी तेवढी थोडा वेळ हलत राहिली.

दादूला कुणी काही बोललं नाही. ऋत्विकसुद्धा नाही. शिव्या घातल्या असत्या तर दादूनेही दोन परत दिल्या असत्या आणि मन हलकं झालं असतं. इथे तर मफलरच्या गाठीही त्याला सुटेनात, त्या नितेशने मुकाट्याने सोडून दिल्या. दुपारपर्यंत सगळे थांबले. शेकरू काही परत आलं नाही.

उतरताना मथुरा दर दहा पावलांवर थांबत होती. दादूला तिच्याकडे बघवेना. चाळीस वर्षांत बाईने एकच गोष्ट मागितली. ती तिच्यासमोर येऊन बसली आणि आपण तिच्याच काठीने हाकलून दिली!

"मथुरा गो," तो शेवटी म्हणाला, "चुकलं माझं." लग्नानंतर हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होते.

"असूंदे."

"थोडं तरी दिसलं ना? तोंड? निदान शेपूट?"

"नाय."

"अगो, चांगलं पाच मिनिटं समोर बसलं होतं!"

"बसलं असेल." मथुरा काठीवर जरा टेकली. "मी तुमच्याकडं बघत होते. आता हाकलतील, मग हाकलतील, करत. सगळे जंगलातलं जनावर बघत होते, नि मी आपली घरचं!"

पुढे चाललेला ऋत्विक खो खो हसला. नितेशही हसला. मथुरा स्वतःसुद्धा थोडं हसली.

दादूला मात्र हसू आलं नाही.