साखरपुड्याचा ऑक्टोपस

दोरीवर वाळत घातलेला ऑक्टोपस जागेवर नव्हता. नुसते चिमटे होते.

लेओनीने दोरीखाली, कुंपणापलीकडे, सगळीकडे पाहिलं. परवा रविवारी तिच्या एकुलत्या एक लेकीचा, नोएमीचा, साखरपुडा. मुलाची आई मादाम फिलोमेन म्हणजे नाकाने कांदे सोलणारी बाई. "सुक्या ऑक्टोपसचा रस्सा मिळेल ना तुमच्याकडे?" असं तिने तीनदा विचारलं होतं आणि लेओनीने तिन्ही वेळा छातीठोकपणे हो म्हटलं होतं. त्यात बंदीचे दिवस. ऑक्टोपस धरायची मनाई उठायला अजून पंधरा दिवस होते आणि सगळ्या वाडीत तेवढा एकच शिल्लक होता.

चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. नवऱ्याची, आरिस्तीदची, होडीही जागेवर नव्हती. आज मार्लिन हा भलामोठा मासा धरायची स्पर्धा होती. आरिस्तीद अकरा वर्षं त्या स्पर्धेत उतरत होता आणि अकरा वर्षं हात हलवत परत येत होता.

पण गळाला लावायचं आमिष चोरायच्या घाईत त्याने ओहोटीकडे पाहिलंच नाही. किनाऱ्यापासून अर्ध्या तासावर त्याची होडी वाळूत रुतून बसली होती. लेओनीने गमबूट आणि हातमोजे चढवले, गवती टोपी घातली आणि गुडघाभर पाण्यातून ती तरातरा चालत गेली. तीस वर्षं ती याच पाण्यात ऑक्टोपस टिपत आली होती.

"काढ तो गळातून!"

"लेओनी, ऐक. सुतळीने शिवलाय. आता नाही निघायचा."

"तुझी कातडी काढून रस्सा करू का मग?"

हे भांडण भरती येईपर्यंत पुरलं. पाणी छातीपर्यंत चढलं तेव्हा लेओनीला होडीत बसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. आरिस्तीदने निमूटपणे होडी खडकांच्या रांगेबाहेर काढली आणि बायको पाणी उपसायला वाकली, एवढी संधी साधून गळ पाण्यात सोडून दिला.

दहा मिनिटांत दोर सणसणत धावू लागला. आरिस्तीदने तो पकडला, तळहात सोलून घेतले आणि होडीत उताणा पडला.

"मार्लिन!" तो ओरडला.

"माझा ऑक्टोपस!" लेओनी त्याच्याहून मोठ्याने ओरडली आणि हातमोजे घातलेल्या हातांनी तिने दोर धरला.

"ओढ! ओढ ना!"

"गप रे! खडकाला चिकटून बसलेल्या ऑक्टोपसला कुणी ओढतं का? तो सैल पडला की घ्यायचं."

तिने तसंच केलं. तो जोर करी तेव्हा ती दोर सोडी आणि तो दमला की वावभर आत घेई. तीन तास. आरिस्तीद फक्त तिच्या टोपीवर पाणी ओतत राहिला. मासा बाजूला आला तेव्हा तो लांबीला होडीहून हातभरच कमी होता.

स्पर्धेला आलेल्या पाहुण्यांच्या, मासे ओढायला खास खुर्च्या ठोकलेल्या बोटी दोन-चार कुपा मासे घेऊन परतल्या होत्या. वजनकाट्याने लेओनीच्या मार्लिनचे एकशे नव्वद किलो दाखवले आणि धक्क्यावर एकच गलका झाला. बायकांनी लेओनीला खांद्यावर उचललं.

"आधी खाली ठेवा मला!" ती म्हणाली. तिने माशाच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घातला, ऑक्टोपस बाहेर काढला आणि पाय मोजले. साडेसात. मग कुठे ती हसली, आणि पहिल्यांदाच तिने त्या माशाकडे नीट पाहिलं.

रविवारी मादाम फिलोमेनने रश्शाचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. नोएमीने आईचा हात घट्ट धरला.

"विहीणबाई, खरं सांगा," मादाम शेवटी म्हणाली, "इतका लुसलुशीत कसा केलात? आमच्याकडे दोन दिवस भिजवला तरी चामडं ते चामडं."

आरिस्तीदला जोराचा ठसका लागला.

"भिजवायची जागा असते," लेओनी शांतपणे म्हणाली.

"मग मला शिकवाच. पुढच्या खेपेला मी स्वतः येते भिजवायला."

लेओनीने तिच्या ताटात आणखी एक पळी वाढली.

"या ना. येताना गमबूट तेवढे आणा."