पंचमीचा आठवडा, तळमजला, दोन खोल्या

किसनमास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची रुंदी मोजतात. गळ्यातली टेप काढायची, चौकटीला लावायची, "सव्वीस. बारीक हाय," म्हणायचं आणि मगच पाणी मागायचं. बीडला आमच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान, शेजारी माझं झेरॉक्सचं. बायको गेल्यापासून ते दुकानाच्या वरच्या खोलीत एकटेच राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांना हे दाराचं खूळ लागलं. वय झालं की माणसाला काहीतरी लागतंच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्हा दोघांना एका हॉटेलात बोलावणं आलं. कोकणात समुद्राकाठी रिसॉर्ट. एकदा पैसे भरा, मग दरसाल एक आठवडा राहा. नुसतं ऐकून घेतलं तरी जेवण फुकट. मी जेवायलाच गेलतो, लपवायचं कशाला. मास्तर मात्र टेप घेऊन आलते.

टायवाल्या साहेबांनी पडद्यावर समुद्र दाखवला.

"समुद्र ऱ्हाऊ द्या," मास्तर म्हणाले. "खोल्यांचे प्रकार किती?"

"तीन, काका. स्टुडिओ, एक बेडरूम, दोन बेडरूम. तुम्ही एकटे, तुम्हाला स्टुडिओ बास. पुढं मोठी लागली तर बदलून देऊ. उपलब्ध असली तर."

"सदऱ्याचं कापड घेतल्यावर त्याचा कोट निघतो का? मला दोन खोल्यांचंच पायजे, तळमजल्यावर. तशा जागा किती हायत?"

साहेबांनी लॅपटॉपात बघितलं. चार निघाल्या.

"अन् मागणारे किती?"

साहेबांना घाम फुटला. "मे महिन्यात, दिवाळीत जरा अडचण येते, काका."

"मे कोन मागतंय? मला पंचमीचा आठवडा द्या."

श्रावणात तिकडं काळं कुत्रंही फिरकत नाही, म्हणून साहेब खूश झाले. पण मास्तरांनी रिसॉर्टच्या माणसाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि त्याच्याकडून न्हाणीघरांची दारं मोजून घेतली. "टेप ताणून धरा, ढिली पडली." स्टुडिओचं चोवीस इंच भरलं. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांचं चौतीस. चौतीस ऐकून मास्तर एकदम खाली बसले. मला वाटलं, चक्कर आली.

इकडं माझं पनीर गार होत चाललं होतं. मी वैतागलो. "मास्तर, एकट्या माणसाला दोन खोल्या कावून?"

"मीराच्या सासूबाई," ते म्हणाले.

मीरा त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला दिलेली. तिच्या सासूबाई चार वर्षं चाकाच्या खुर्चीत. त्यांना सोडून मीराला येता येईना आणि मास्तरांच्या जिन्यावरून खुर्ची चढेना.

"चार पंचम्या झाल्या, लेक म्हायेरी आली न्हाई. त्या दिवशी कात्री चालवायची नसती. रिकामा बसतो अन् जिन्याकडं बघतो."

"तुमी जायचं की पुण्याला."

"गेलतो. चहा पिऊन माघारी आलो. ते तिचं सासर हाय. आता इहीणबाईंसकट म्हायेर करतो तिला."

चार वर्षं मी या माणसाला खुळा म्हणत होतो.

तेवढ्यात साहेबांनी तारीख विचारली आणि सगळं अडलं. पंचमी दरसाल मागंपुढं होते, त्यांच्या कॉम्प्युटरला एकच पक्का आठवडा कळतो. नाहीतर म्हणे, खोली रिकामी असेल तेव्हा या.

मास्तरांनी टेप गळ्यात घातली. "मंग न्हाई जमत."

ते उठले तसा मीही उठलो. फुकटचं ताट सोडून मी आयुष्यात पहिल्यांदा भांडलो. हॉटेलच्या गल्ल्यामागचं कॅलेंडर काढून आणलं, मॅनेजरला बोलवायला लावलं आणि पंचमी म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितलं. शेवटी त्यांनी करारावर हातानं लिहिलं, 'श्रावण शुद्ध पंचमी ज्या आठवड्यात येईल तो. तळमजला, दोन खोल्या. पक्की.' खाली सही, शिक्का. मी त्याच्या चार प्रती काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

यंदा पंचमीला दुकान बंद होतं. सकाळी मोबाइलवर फोटो आला. व्हरांड्यात दोर बांधलेला, झोक्यावर मीरा, आणि मागं चाकाच्या खुर्चीतून तिला झोका देणाऱ्या विहीणबाई. मी लगेच फोन लावला.

"इहीणबाई इचारत्यात," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "'पुढल्या पंचमीला मलाबी म्हायेराला बोलावताल का?' त्यांच्या म्हायेरी आता कुनी ऱ्हायलं न्हाई म्हनं."

"मग तुमी काय म्हणालात?"

"काय म्हननार? कागद दाखविला. लिवलंय की, पक्की."